हजेरीपटावर हजर

वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला बाहेर काढणे ही शाळेतली सर्वांत स्वस्त शिक्षा आहे. छडी मारायची तर छडी लागते, मुख्याध्यापकांकडे पाठवायचे तर ते जागेवर असावे लागतात, पालकांना बोलवायचे तर पालकांना सवड हवी. बाहेर काढायला दाराकडे केलेले एक बोट पुरते. मुलगा उठतो, बाकांच्या रांगेतून जाता जाता कुणाला तरी टपली मारतो, दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहतो आणि तास पुढे सुरू होतो. पाच मिनिटांनी त्याचे अर्धे डोके चौकटीतून आत येते. मागच्या बाकांवर खसखस पिकते. मग दारही लावून घेतले जाते.

हजेरी पहिल्या तासालाच झालेली असते. त्यामुळे हा मुलगा दिवसभरात तीन तास व्हरांड्यात उभा राहिला, तरी कागदोपत्री तो पूर्ण दिवस वर्गात शिकत होता. पोषण आहाराच्या हिशेबात तो आहे, पटसंख्येत आहे, महिन्याच्या सरासरी उपस्थितीतही आहे. तो कुठे नव्हता, याची नोंद ठेवायला शाळेत रकानाच नाही. दंगेखोर मुलाला वर्गातून काढणे न्याय्य आहे का, या प्रश्नावर महाराष्ट्रात जी चर्चा होते, ती या न केलेल्या नोंदीपाशी अडते.

‘वर्गाबाहेर’ या शब्दाखाली बऱ्याच गोष्टी येतात. सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे जागा बदलणे, शेवटच्या बाकावर किंवा बाईंच्या टेबलाला खेटून. त्यानंतर दार. त्यानंतर कार्यालयासमोरचे बाकडे. तिथे शिपाईमामा मुलाला खडू आणायला, सूचनावही वर्गावर्गांत फिरवायला, घंटा द्यायला लावतात आणि शिक्षा भोगायला आलेला मुलगा पंधरा दिवसांत शाळेतला सर्वांत कामाचा माणूस होऊन बसतो. तो स्वतः खूश असतो. अपूर्णांक तेवढे राहून जातात.

चौथी पायरी मात्र दिसते तेवढी साधी नाही. ‘उद्या पालकांना घेऊन ये, त्याशिवाय वर्गात बसायचे नाही’ हे वाक्य कुठल्याही शाळेत आठवड्यातून एकदा तरी उच्चारले जाते. ज्याचे वडील कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकू शकतात, त्याच्यासाठी ही एका सकाळची नामुष्की असते. ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते किंवा ज्याचा बाप मजूर अड्ड्यावर उभा राहतो, त्याच्यासाठी तो एका दिवसाचा बुडालेला रोज असतो. आणि ज्याचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेले आहेत, जो आजीजवळ राहतो, त्याच्याकडे आणायला पालकच गावात नसतात. ते परततात ते हंगाम संपल्यावर. असा मुलगा बहुधा घरी काही सांगत नाही. दप्तर घेऊन निघतो आणि शाळेत पोहोचत नाही. लेखी आदेश नाही, मुदत नाही, कारण नाही; तरी ही निलंबनाचीच शिक्षा झाली. हजेरीपटावर या दिवसांत त्याच्या नावापुढे गैरहजेरी पडते. म्हणजे बाहेर काढला तेव्हा तो हजर होता आणि येऊ दिले नाही तेव्हा तो स्वतःहून आला नाही.

शेवटची पायरी म्हणजे दाखला हातात देणे. तिच्याकडे पुढे वळावे लागेल.

आधी शिक्षकाची बाजू. ती बहुतेक चर्चांत दोन वाक्यांत उरकली जाते आणि ते बरोबर नाही. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांची तासिका असते. एका मुलाला जागेवर बसवण्यात पाच मिनिटे गेली, तर वर्गाची मिळून सव्वादोनशे मिनिटे गेली, म्हणजे पावणेचार तास. दिवसात हे चार तासिकांना घडले, तर हिशेब पंधरा तासांवर जातो. ही मिनिटे ज्यांची जातात त्यांत शिकवणी लावायला पैसे नसलेली, घरी विचारायला कुणी नसलेली, शाळेतल्या पस्तीस मिनिटांवरच सगळी भिस्त असलेली मुले सर्वांत जास्त असतात. दंगेखोर मुलगा गरीब घरातला असेल, पण त्याच्या शेजारी गप्प बसलेली मुलगीही बहुधा गरीब घरातलीच असते. करुणा एकाच बाकापुरती ठेवता येत नाही.

या नुकसानीचे मोजमापही झाले आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात अलाचुआ काउंटीतल्या शाळांचे वर्षानुवर्षांचे निकाल घेऊन स्कॉट कॅरेल आणि मार्क होक्स्ट्रा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवले, की घरगुती हिंसाचार पाहिलेले मूल वर्गात असले की इतरांचे गुण उतरतात आणि त्यांची वर्तणूकही बिघडते. एलिरा कुका यांच्यासह २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात तीच मुले पंचविशीत पोहोचल्यावर किती कमावतात हे पाहिले गेले. प्राथमिक शाळेत पंचवीस जणांच्या वर्गात असा एक सहाध्यायी लाभलेल्यांची कमाई सुमारे ३ टक्क्यांनी कमी भरली. ‘एक मूल सांभाळून घ्यायला काय जाते’ या प्रश्नाचे हे आकड्यातले उत्तर आहे. मात्र याच अभ्यासातली दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे: वर्ग बिघडवणारे मूल म्हणून जे ओळखले गेले, ते मुळात घरात मार पाहिलेले मूल होते.

बाहेर काढल्याने त्या मुलाचे काय होते, याचे उत्तर त्याला वर्गात काय नको होते यावर अवलंबून असते. वर्तनाचा अभ्यास करणारे एक साधी गोष्ट सांगतात. शिक्षा म्हणून जे दिले जाते, ते मुलाला हवेच असेल तर ती शिक्षा राहत नाही, बक्षीस होते. ज्याला भागाकार येत नाही आणि फळ्यासमोर बोलावले जाण्याची धास्ती आहे, त्याच्यासाठी व्हरांडा ही सुटका आहे. गणिताच्या तासाला पेन वाजवले की सुटका होते हे त्याला दोन आठवड्यांत कळते. शिक्षकालाही शांतता मिळते, म्हणजे त्याचीही सवय पक्की होते. दोघांच्या सोयीचा हा व्यवहार वर्षभर चालतो आणि वार्षिक परीक्षेत त्याची किंमत एकट्या मुलाकडून वसूल होते.

‘तारे जमीं पर’ (२००७) या चित्रपटात ईशानला अक्षरे नाचताना दिसतात, तो तसे सांगतो, वर्ग हसतो आणि बाई त्याला बाहेर काढतात. तो प्रसंग पाहून चित्रपटगृहात रडलेल्या शिक्षकांची संख्या कमी नसावी. पण त्यात दाखवलेली चूक क्रूरपणाची नाही. ज्याला वाचता येत नाही तो आपल्याला वाचता येत नाही असे क्वचितच सांगतो. तो विनोद करतो. बाईंनी विनोद ऐकला. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने एकवीस प्रकारांच्या यादीत स्थान दिले. ज्या अतिचंचलतेमुळे सर्वाधिक मुले दाराबाहेर जात असतील, तिचा उल्लेख त्या यादीत स्वतंत्रपणे नाही.

वर्ग हाताळण्याच्या कलेवर जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे १९७० चे काम अजून वाचले जाते. शांत वर्गांचे आणि गोंधळाच्या वर्गांचे शिक्षक दंगा झाल्यावर काय करतात, यात त्याला विशेष फरक सापडला नाही. फरक होता तो दंग्याआधीच्या वागण्यात. चांगला शिक्षक फळ्याकडे तोंड असतानाही मागे काय चालले आहे हे जाणतो, आणि वर्गाला ते जाणवत राहते. एका कामातून दुसऱ्याकडे जाताना तो मध्ये रिकामी पोकळी ठेवत नाही. मराठी शाळांत अशा शिक्षकांना ‘त्यांना पाठीला डोळे आहेत’ म्हणतात. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गाला शांततेचा खेळ खेळायला लावतो, खेळ साफ फसतो, कल्लोळ होतो आणि तो एकाला बाहेर काढण्याऐवजी सगळ्या वर्गालाच सुट्टी देऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट घेऊन येतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तोच विचार पुढे बोर्डी आणि कोसबाडला नेला. मात्र पाठीचे डोळे उगवायला वर्षे लागतात, आणि तोवर चाळीस मुले समोर बसलेली असतात.

बाहेर कोण काढले जाते, हा न्यायाच्या प्रश्नाचा गाभा आहे. अमेरिकेत याचे उत्तर सरकारी कागदांत मिळते, कारण तिथे शाळांना ते कळवावे लागते. २०१७-१८ च्या केंद्रीय आकडेवारीनुसार तिथल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी १५ टक्के होते. शाळेतून निलंबित होऊन घरी पाठवलेल्यांत त्यांचे प्रमाण ३८ टक्के होते. टेक्सास राज्यात सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांचा सातवीपासून मागोवा घेणारा अहवाल २०११ मध्ये आला. त्यांपैकी जवळजवळ ६० टक्के मुले बारावीपर्यंत कधी ना कधी निलंबित झाली वा काढली गेली होती. कायद्यानेच निलंबन सक्तीचे ठरवलेले गुन्हे त्यांत अवघे ३ टक्के होते. बाकी सगळे शाळेच्या मर्जीवर. मर्जीवर सोडलेल्या शिक्षेत ‘उद्धटपणा’ हा सर्वांत सैल शब्द ठरतो. एका बाईंना जे उलट उत्तर वाटते, ते दुसऱ्या बाईंना चुणचुणीतपणाचे लक्षण वाटते. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये तिसरीपर्यंतच्या आणि २०१९ मध्ये आठवीपर्यंतच्या मुलांना निव्वळ अवज्ञेच्या कारणाखाली निलंबित करणे बंद केले, ते यामुळेच.

इंग्लंडमध्ये माजी मंत्री एडवर्ड टिम्पसन यांच्या समितीने २०१९ मध्ये अहवाल दिला. कायमचे काढून टाकण्याच्या १०० आदेशांपैकी ७८ आदेश अशा मुलांवर होते, ज्यांना विशेष शैक्षणिक गरजा होत्या, किंवा ज्यांच्या घरी समाजसेवा विभागाला लक्ष घालावे लागत होते, किंवा जी मोफत जेवणाला पात्र होती. शाळांनी दुष्टपणाने निवडून ही मुले काढली असे टिम्पसन म्हणत नाहीत. नियम सगळ्यांना सारखा लावला तरी तो एकाच बाजूला जाऊन पडतो, एवढेच आकडे सांगतात.

महाराष्ट्राचे असे आकडे नाहीत. शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन तक्त्यांत पट, शिक्षक, स्वच्छतागृहे, संगणक, कुंपणभिंत यांचे रकाने आहेत. कोणत्या मुलाचे किती तास वर्गाबाहेर गेले याचा नाही. त्यामुळे इथे भेदभाव होतो असे सिद्ध करता येत नाही, आणि होत नाही असेही नाही.

पण वर्गाबाहेर बसवण्याला महाराष्ट्रात इतिहास आहे. १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि सरकारने तो नाकारला. पुढे अनेक शाळांत अस्पृश्य मानलेल्या मुलांना व्हरांड्यात बसवून शिकवण्याची ‘तडजोड’ निघाली. शिक्षक आत, मुले बाहेर, पाटी दुरून तपासायची. भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट रोज घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला.

जन्मावरून बाहेर बसवणे आणि वागण्यावरून बाहेर काढणे या दोन गोष्टी एक नाहीत. त्या एक मानल्या तर दोन्हींचा अर्थ बिघडतो. तरी ज्या घरातल्या आज्या-पणज्यांना व्हरांडा ठाऊक आहे, त्या घरातले मूल व्हरांड्यात उभे दिसले की पाहणाऱ्याला वेगळे काही दिसते, हे शिक्षकाने लक्षात ठेवायला हवे. वागण्याची पारखही भाषेतूनच होते. वस्तीतल्या बोलीत जो शब्द येता-जाता वापरला जातो, तो वर्गात शिवी ठरतो. ‘काय बाई, कवापासून तेच शिकवताय’ हे वाक्य प्रमाण मराठीत आले असते तर कदाचित शंका म्हणून ऐकले गेले असते.

एकेकट्या मुलाला न काढता अख्खा गट बाजूला काढण्याची एक पद्धतही मराठी शाळांत रुळली आहे. तिचे नाव ‘ड तुकडी’. गुणांनुसार तुकड्या पाडल्या की वाचनात मागे पडलेली, दोन शाळा बदललेली, वांड ठरलेली मुले आपोआप एका खोलीत येतात. त्या तुकडीवर तास लागला की शिक्षककक्षात सहानुभूतीचा सुस्कारा ऐकू येतो. अ तुकडीचा प्रश्न सुटतो, यात शंका नाही. ड तुकडीत कुणाला बाहेर काढायचे हा प्रश्नच उरत नाही, कारण ती बाहेरच असते.

कायदा काय म्हणतो ते सरळ आहे, फक्त अपुरे आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी कायम राहिली. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते आणि ती मोडणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाईची तरतूद करते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत बाकावर उभे करणे, गुडघे टेकायला लावणे, कान धरून ओणवे करणे, तसेच वर्गात, ग्रंथालयात, स्वच्छतागृहात किंवा कुठल्याही बंद जागेत कोंडून ठेवणे शारीरिक शिक्षेत मोडते. वर्गाच्या दाराबाहेर उभे करण्याचे नाव मात्र कायद्यात नाही. छडी गेली, अंगठे धरणे गेले, कोंबडा गेला. उरले ते दार. आणि जे उरते ते अधिक वापरले जाते.

शाळेतून काढता येत नाही, हा नियम दाखल्यापाशी वाकतो. महाराष्ट्रातल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर इतर रकान्यांबरोबर तीन रकाने असतात: अभ्यासातील प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण. मुख्याध्यापक पालकांना खोलीत बसवून सांगतात, ‘आम्ही काढत नाही, तुम्हीच अर्ज द्या, म्हणजे दाखल्यावर वर्तणूक चांगली लिहू.’ पालक अर्ज देतात. कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे पडते. याच कायद्याच्या कलम ५ ने दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर दाखला ताबडतोब मिळण्याचा हक्क मुलाला दिला आहे. मुलाच्या सोयीसाठी दिलेला हा हक्क शाळेच्या सोयीसाठी असा वापरला जातो. इंग्लंडमध्येही हे घडते. तिथे त्याला ‘ऑफ-रोलिंग’ असे नाव आहे, आणि शाळा तपासणारी यंत्रणा पटावरून गळालेली नावे पाहून त्याबद्दल शाळेला जाब विचारते. आपल्याकडे त्याला नावही नाही.

नववीपासून तर संरक्षणच संपते. दहावीच्या निकालाची टक्केवारी ज्या शाळेच्या फाटकावर फलकात झळकते, तिथे नववीतल्या काही मुलांना ‘तू सतरा नंबरचा फॉर्म भर’ असा सल्ला मिळतो. हा फॉर्म खासगी विद्यार्थी म्हणून मंडळाच्या परीक्षेला बसण्यासाठी आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी, शाळा सुटलेल्या बायांसाठी त्याची फार मोठी मदत झाली आहे. शाळेने नकोशा मुलासाठी तो पुढे करणे हा त्याचा गैरवापर आहे.

मराठी मुलांना शाळेतल्या शिस्तीची पहिली न्यायकथा भाषणाच्या निमित्ताने भेटते. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीला कुठल्या ना कुठल्या चिमुरड्याच्या तोंडून शेंगांच्या टरफलांची गोष्ट येतेच. वर्गात टरफले पडलेली, खाणारे कोण ते कुणी सांगत नाही, गुरुजी सगळ्यांनाच छड्या मारायला निघतात आणि बाळ टिळक हात पुढे करत नाही. ती घडली तशी सांगितली जाते की नाही, हा इतिहासाचा प्रश्न. गोष्टीतला मुद्दा मात्र चोख आहे: चौकशीशिवाय शिक्षा नको, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा नको. आणि गंमत अशी, की दरवर्षी या भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्या शाळेत आजच्या तारखेला एखाद्या मुलाने तसाच नकार दिला, तर तो बहुधा दाराबाहेर जाईल.

ऐकून घेण्याचा हा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७५ रोजी ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ या खटल्यात कायद्याच्या भाषेत मांडला. ओहायोतल्या कोलंबस शहरात १९७१ मध्ये काही विद्यार्थ्यांना कसलीही विचारपूस न करता दहा दिवसांपर्यंत निलंबित करण्यात आले होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, की मुलाला आरोप सांगा, तो नाकारत असेल तर पुरावा काय ते सांगा, आणि त्याची बाजू ऐका. वकील नको, साक्षीदारांची उलटतपासणी नको. अनौपचारिक बोलणेही पुरेल. मूल इतरांना इजा करत असेल तर आधी बाहेर काढा आणि मग लवकरात लवकर ऐका. विरोधी मत देणाऱ्या चार न्यायमूर्तींना भीती वाटत होती, की शाळेतली प्रत्येक कुरबुर कोर्टात येईल. इंग्लंडने दुसरा मार्ग धरला: एका शालेय वर्षात निलंबनाचे दिवस एकूण ४५ पेक्षा जास्त होऊ शकत नाहीत, आणि निलंबन सहाव्या दिवसात गेले की मुलाच्या पूर्णवेळ शिक्षणाची दुसरी सोय करावीच लागते. त्याचे वर्ग सुटू शकतात, शिक्षण सुटू नये, असा त्यामागचा हिशेब आहे.

कडक शाळांचा दूरवरचा परिणामही तपासला गेला आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात २००२ मध्ये शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. शेजारशेजारच्या गल्लीतली मुले वेगवेगळ्या शाळांत गेली, काही सैल शाळांत, काही उठसूट निलंबन करणाऱ्या. पुढे मोठेपणी अटक वा तुरुंगवास होण्याची शक्यता कडक शाळांत गेलेल्यांमध्ये १५ ते २० टक्क्यांनी अधिक निघाली. मुले सारखीच होती. फक्त रेघेची ही बाजू आणि ती बाजू.

याचा अर्थ बाहेर काढणे बंदच करावे असा घेतला जातो, तो घाईचा आहे. पिट्सबर्गमध्ये निलंबनाऐवजी मुलांना वर्तुळात बसवून, भांडणातल्या दोघांना समोरासमोर आणून समेट करण्याची पद्धत निवडक शाळांत राबवली गेली. रँड या संशोधन संस्थेने तिचा अहवाल २०१८ मध्ये दिला. निलंबने कमी झाली, शिक्षकांना शाळेतले वातावरण सुधारलेले वाटले. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण खाली आले. मुलाला वर्गात ठेवले म्हणजे वर्ग शिकू लागला असे होत नाही. शिक्षकाच्या हातून दार काढून घ्यायचे असेल, तर त्याच्या हाती दुसरे काही दिले पाहिजे.

इथे महाराष्ट्रातल्या शाळेची खरी अडचण समोर येते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असे प्रमाण आहे. दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत एका खोलीत तीन इयत्ता बसतात. दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेले की पाचही इयत्ता एकाकडे येतात. अशा शाळेत मुलाला ‘बाहेर’ काढायचे म्हणजे नक्की कुठे? बाहेर पडवी आहे, पडवीपुढे रस्ता आणि रस्त्यापलीकडे विहीर. शाळेच्या वेळेत मुलाचे काही झाले, तर जबाबदारी त्याला बाहेर पाठवणाऱ्यावरच येते. शहरातल्या मोठ्या संस्थेत पर्यवेक्षक असतात, बसायला खोली असते, क्वचित समुपदेशकही येतो. म्हणजे एकाच बोटाचा अर्थ शाळेच्या ऐपतीनुसार बदलतो.

या सगळ्यातून काढण्याच्या न्याय्यतेची काही मोजमापे निघतात. मारामारी, धोका, दुसऱ्या मुलाचा सततचा छळ यांत मुलाला तत्काळ बाजूला करणे न्याय्यच आहे. त्यात संकोच करणारा शिक्षक मार खाणाऱ्या मुलावर अन्याय करतो. बडबड, उलट उत्तर, वही न आणणे यांसाठी अख्खा तास दाराबाहेर, हे न्याय्य नाही. वही आणली नाही म्हणून मुलाला शिकण्यापासून तोडण्याचा तर अर्थच लागत नाही. बाहेर पाठवलेल्या मुलासोबत मोठे माणूस हवे आणि हातात त्याच तासाचे काम हवे. मुदत मिनिटांत हवी. परत घेताना ‘काय झाले होते’ एवढे विचारायला हवे, तेही वर्गाच्या दारात सगळ्यांसमोर नव्हे. पालक आल्याशिवाय बसू न देणे तर आठवीपर्यंत कायद्याच्या हेतूला सरळ छेद देते आणि ते थांबलेच पाहिजे.

त्यातली बरीचशी मोजमापे पैसा आणि माणसे मागतात. एक मात्र मागत नाही. हजेरीपटाशेजारी दीडशे पानी एक वही: तारीख, तासिका, मुलाचे नाव, कारण, किती मिनिटे, परत घेताना तो काय म्हणाला. महिनाअखेरीस मुख्याध्यापकांनी ती उघडली की त्यांना दिसेल, की चाळीसपैकी अठ्ठावीस नोंदी चारच मुलांच्या आहेत, की त्यांतल्या बहुतेक गणिताच्या तासाच्या आहेत, की दोघांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत. की एखाद्या शिक्षकाच्या तासाला कधीच नोंद नसते, आणि त्याच्या वर्गात जाऊन बसायला हवे. ही वही सुरू करायला शासननिर्णय लागत नाही, आणि दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र उघडेल तो दिवस त्यासाठी सोयीचा आहे.